डाव्या हाताचा मळ

शाळेचा चौदा वर्षांखालचा क्रिकेट संघ दिवाळीच्या सुट्टीत श्रीलंकेला जाणार असं ठरलं आणि मॅनेजर म्हणून माझं नाव पुढे आलं. मी मराठी शिकवतो. क्रिकेटशी माझा संबंध ‘माझा आवडता खेळाडू’ या विषयावरचे निबंध तपासण्यापुरता. पण शिक्षकखोलीत पासपोर्टची मुदत न संपलेला मी एकटाच निघालो. कोच सर म्हणाले, “तुम्हाला काही करायचं नाही. फक्त पोरं मोजायची. जाताना जितकी, येताना तितकी.”

पालकसभेत कळलं की मोजणं हे त्यातलं सोपं काम आहे. एका आईने मुलाच्या झोपण्याच्या कुशीपासून दुधातल्या साखरेपर्यंतची यादी लॅमिनेट करून आणली होती. एक बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, आमचा तिसऱ्या नंबरवरच खेळतो. घरीसुद्धा.” एका आजींनी मात्र मुद्द्यालाच हात घातला. “लंकेला चाललाय. जाताना मारुतीला नारळ फोडा. तिथून माणसं परत आणायला मागे केवढा खटाटोप पडला होता!”

विमानतळावर एका किटबॅगेपाशी तपासनीस थांबला. बॅटिंग पॅडच्या आत, बरोब्बर गुडघ्याच्या जागी, चकल्यांचा चपटा डबा होता. “हे काय?” “थाय पॅड,” पोरगं शांतपणे म्हणालं. तपासनीसही मराठी निघाला. त्याने डबा उघडला, एक चकली मोडून खात्री केली आणि बॅग सोडली.

परदेशात गेल्याचा एक फायदा म्हणजे घड्याळातला फरक. घरचे फोन करायला बिचकतात. पण श्रीलंकेचं घड्याळ आपल्याच वेळेवर चालतं. त्यामुळे सकाळी सात म्हणजे सातच्या ठोक्याला माझा फोन वाजे आणि मी अजून डोळे न उघडलेल्या मुलाचं पोट साफ झाल्याचं प्रमाणपत्र देत असे.

कोलंबोत कोच सरांनी आधी पोरांना प्रेमदासा स्टेडियमच्या दाराशी नेलं आणि निलेश कुलकर्णींची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १९९७. डोंबिवलीचा उंचापुरा डावखुरा फिरकी गोलंदाज. पहिलीच कसोटी, कारकिर्दीतला पहिलाच चेंडू आणि विकेट! अटापट्टू आउट. “पुढे?” पोरांचे डोळे चमकले. पुढे जयसूर्या आणि महानामा खेळत राहिले. तिसरा दिवस गेला, चौथा दिवस गेला, विकेट नाही. भागीदारी ५७६, जयसूर्या ३४०, श्रीलंका ६ बाद ९५२. कुलकर्णींची ७० षटकं, १९५ धावा आणि विकेट तीच, पहिल्या चेंडूची. “यातून काय शिकायचं?” कोच सरांनी विचारलं. ‘यशाने हुरळून जाऊ नये’ हे उत्तर अपेक्षित होतं. आमचा विकेटकीपर म्हणाला, “सर, सचिन-विनोदची पार्टनरशिप ६६४ची होती ना, हॅरिस शील्डला? म्हणजे शाळेत आपणच पुढे.”

शाळेच्या क्रिकेटचा आमच्या पोरांचा हा ताठा पुढच्या दोन दिवसांत बराच उतरला. मुंबईत शाळेची मॅच म्हणजे घरची भानगड. बघायला दोन आया, एक भेळवाला आणि चुकून सावलीला बसलेले एखादे आजोबा. कोलंबोत रॉयल आणि सेंट थॉमस या दोन कॉलेजांची, म्हणजे तिकडच्या शाळांचीच, लढत १८७९ पासून चालू आहे. ‘ॲशेस’ हे नावसुद्धा त्यानंतर तीन वर्षांनी जन्माला आलं. दर मार्चमध्ये ट्रम्पेट आणि ढोल घेऊन पपारे बँड गर्जतो आणि टक्कल पडलेले, पोट सुटलेले माजी विद्यार्थी आपापले झेंडे घेऊन स्टँडमध्ये नाचतात. अर्जुन रणतुंगा आनंद कॉलेजचा, महेला नालंदाचा, संगकारा कॅंडीच्या ट्रिनिटीचा, मुरली तिथल्याच सेंट अँथनीचा, ही वंशावळ तिथला रिक्षावालाही घडाघडा म्हणतो. आमच्या रिक्षावाल्याने उलट विचारलं, “तुमच्या शाळेचा कोण?” पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे पाहिलं.

मग गॉल. समुद्राकाठाने जाणारी आगगाडी, डचांचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी कसोटीचं मैदान. तटावर उभं राहिलं की फुकटात मॅच दिसते. इथेच २०१० साली मुरलीने शेवटच्या कसोटीत आठशेवी विकेट घेतली. त्या ऐतिहासिक प्रसंगी आउट होण्याची जबाबदारी आपल्या प्रज्ञान ओझाने पार पाडली होती.

आमची मॅच गावातल्या एका शाळेच्या मैदानावर होती. आझाद मैदानात वाढलेल्या पोरांना त्या मैदानाने पहिला धक्का दिला. आझाद मैदानात बावीस खेळपट्ट्या. एका मॅचचा डीप मिडऑन दुसऱ्या मॅचच्या स्लिपशी गप्पा मारत उभा असतो. इथे अख्ख्या हिरव्या मैदानावर एकच मॅच. आमचा लाँगऑनचा फील्डर दोन षटकं अस्वस्थपणे मागे वळून बघत होता. शेवटी ओरडला, “सर, बाकीच्या मॅच कुठायत?”

पण खरा घोळ आमची बॅटिंग आल्यावर झाला. कोच सरांचा हुकमी एक्का म्हणजे डावा-उजवा अशी सलामीची जोडी. “एक रन काढला की बॉलरची लाइन बिघडते,” हे तत्त्व ते नेटमध्ये मंत्रासारखं म्हणून घेतात. समोर आला एक काटकुळा, दात काढून हसणारा पोरगा. आमच्या उजव्या बॅट्समनला त्याने डाव्या हाताने फिरकी टाकली. बॉल बाहेर वळला. एक रन निघाला. डावखुरा समोर आला. पोराने अंपायरला काहीतरी सांगितलं, बॉल दुसऱ्या हातात घेतला आणि उजव्या हाताने ऑफस्पिन टाकला. बॉल पुन्हा बाहेरच! अंपायर निर्विकारपणे ‘लेफ्ट आर्म’, ‘राइट आर्म’ पुकारत राहिला आणि आमची जोडी दर वेळी नव्याने गार्ड घेत राहिली. लाइन कोणाची बिघडली ते सांगायला नकोच.

डावखुरा स्टंप होऊन परतला तो रडवेला. “सर, त्याला सांगा ना, एका हाताने टाक म्हणून!” कोच सरांनी फोनवर नियम उघडले. अंपायरला आधी सांगितलं की दोन्ही हात चालतात. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि डोक्यावरची टोपी उलटी केली.

दुपारी चारला आभाळ फुटलं, तोवर आम्ही रीतसर हरलो होतो. पॅव्हेलियनच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता. यजमान संघाने माळू पान म्हणजे माशाचं सारण भरलेले तिकोनी पाव पुढे केले, आम्ही फराळाचे डबे उघडले. ‘थाय पॅड’ सर्वांना आवडलं. दोन्ही हातांचा तो पोरगा दोन्ही हातांनीच चिवडा खात होता. मी विचारलं, “तुला हे कोणी शिकवलं?” तो म्हणाला, “कोणी नाही. दादा डावखुरा. त्याच्या नकला करायचो.” त्याचे कोच म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक सद्गृहस्थ. आमच्या सरांनी त्यांना गाठलं. “तुम्ही यावर नेमकं काय काम केलंत?” ते म्हणाले, “काही नाही. थांबवलं नाही, एवढंच.”

रात्रभर कोच सर गप्प होते. बसमध्ये अचानक म्हणाले, “आडव्या हाताने टाकणारा यांचा मलिंगा आपल्याकडे असता तर मी पहिल्याच दिवशी त्याचा हात कानाजवळ आणला असता. छान सरळ टाकला असता त्याने. इंटर-ऑफिसपर्यंत पोचला असता.”

पोरं मी मोजून परत आणली, भरली. दौऱ्यानंतरच्या पालकसभेत कोच सरांनी मन मोकळं केलं. म्हणाले, “आपण पोरांना फार शिकवतो. तिथल्या कोचने काहीही केलं नव्हतं.” सभा गंभीर झाली. तिसऱ्या नंबरच्या बाबांनी हात वर केला. “मग सर, हे काही न करण्याची बॅच आपण कधी सुरू करतोय? शनिवार-रविवार ठेवली तर बरं. फी वेगळी घेतलीत तरी चालेल.”

आठवड्याभरात नेटमध्ये दहा पोरं डाव्या हाताने बॉल टाकू लागली आणि दहा बाबा जाळीबाहेरून त्यांचं कोपर सुधारू लागले. लॅमिनेट केलेल्या यादीच्या आईने मला जिन्यात गाठलं. “सर, दोन्ही हातांनी लिहायचं तुम्हीही मनावर घ्या. दहावीला पेपर वेळेत सुटायला हवा.”