पट्टेवाली

मराठीत ‘पट्टेवाला’ हा शब्द कचेरीतील शिपायासाठी रूढ आहे आणि तो त्याच्या अंगावरच्या पट्ट्यावरून आला आहे. त्याचेच स्त्रीलिंगी रूप येथे एका अगदी निराळ्या वर्गासाठी योजले आहे, ज्याला कोणतीही कचेरी नाही, वेतन नाही आणि रजा तर नाहीच नाही. पट्टेवाली म्हणजे आपल्या मुलीसाठी, केवळ छंद म्हणून, रंगीबेरंगी आडव्या पट्ट्यांचे लोकरी कपडे विणणारी माता. ही जात मनाली-मसुरीकडे आढळली असती तर तिच्यावर लिहिण्याचे कारण नव्हते, कारण तेथे स्वेटर ही गरज आहे; परंतु तिचा एक ठळक आढळ पुण्यात आहे, जेथे जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो खरा, पण दुपारी तोच तिशीकडे झुकतो, आणि सकाळी साडेसहाला अंगात घातलेला स्वेटर दहाच्या सुमारास कमरेला बांधण्याची वस्तू होतो. त्यातही शाळेने आपला गडद निळा किंवा मरून स्वेटर ठरवून दिलेला असल्यामुळे, पट्ट्यांच्या स्वेटरला वर्षातून जेमतेम आठ-दहा रविवारच्या सकाळी, नाताळची सुट्टी आणि एखादी महाबळेश्वरची सहल एवढाच अवकाश मिळतो. अशा हवामानात वर्षाला तीन स्वेटर, दोन टोप्या आणि एक मफलर विणला जात असेल, तर त्याला गरज म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्याला छंद म्हणतात.

या छंदाचे मूलद्रव्य लोकर. मात्र पुण्यातील दुकानात ‘लोकर’ हा शब्द उच्चारला असता मेंढीचा विचार कोणाच्याही मनात येत नाही, कारण तुळशीबागेच्या परिसरात मिळणाऱ्या गुंड्यांपैकी पुष्कळसे ॲक्रिलिकचे, म्हणजे पेट्रोलियमपासून तयार होणाऱ्या कृत्रिम धाग्याचे असतात, आणि त्यातील बराच माल लुधियानाहून येतो. पट्टेवालीला हे ठाऊक असते व त्याची तिला खंत नसते. किंबहुना मेंढीला फार तर चार रंग जमतात, तेथे तेलाच्या विहिरीने तिला लिंबाचा पिवळा, कैरीचा हिरवा आणि जांभळाचे तीन प्रकार देऊन ठेवले आहेत, याबद्दल ती कृतज्ञच असते. तिच्या हातातील सुया बहुधा दहा नंबरच्या असतात. येथे नवख्याची फसगत होते, कारण सुयांचे हे जुने ब्रिटिश माप उलटे चालते. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे आठ नंबरची चार मिलिमीटर जाडीची, तर दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. दोनच टाके असतात, सुलट आणि उलट, आणि विणकामाचे सारे शास्त्र या दोहोंच्या क्रमात सामावलेले असते, असे पट्टेवाली दर नव्या शेजारणीला सांगते. ते ऐकून शेजारीण एक मफलर सुरू करते आणि तो वीतभर झाल्यावर कायमचा ठेवून देते.

पट्टेच का, हा प्रश्न तिला वारंवार विचारला जातो व त्याचे ती ‘छान दिसतात’ एवढेच उत्तर देते, परंतु खरे कारण सौंदर्यशास्त्रात नसून अर्थशास्त्रात आहे. लोकरीच्या गुंड्यावरील कागदावर रंगाच्या क्रमांकाबरोबर एक लॉट नंबर छापलेला असतो, म्हणजे तो धागा कोणत्या घाण्यात रंगवला गेला त्याची खूण. एकाच रंगाचे दोन लॉट शेजारी विणले की त्यांतला फरक छातीवर सीमारेषेसारखा उमटतो. एकरंगी स्वेटर विणणारीला म्हणून सगळी लोकर एकदम घ्यावी लागते, आणि कमी पडू नये म्हणून एक गुंडा जास्त घ्यावा लागतो. हा जास्तीचा गुंडा उरतो. पट्टा हा या उरलेल्या गुंड्याचा उद्धार होय, कारण पट्ट्यांत लॉटची भानगड नाही, जेवढी लोकर तेवढा पट्टा, आणि संपली तर पुढचा रंग. येथवर हे शुद्ध काटकसरीचे तत्त्वज्ञान आहे आणि त्यावर कोणतीही सासू आक्षेप घेणार नाही. मात्र उरलेल्या अबोली रंगाला शोभेल असा मोरपंखी घरात नसतो. तो आणावा लागतो, तोही पूर्ण गुंडा. त्यातला पाऊण उरतो. त्या पाऊण मोरपंखीला न्याय देण्यासाठी राखाडी आणावा लागतो. उरलेली लोकर संपवण्यासाठी सुरू झालेल्या या उद्योगात उरलेली लोकर नियमाने वाढत जाते, प्रथम पिशवीत, मग दिवाणात, आणि अखेरीस पाहुण्यांच्या गाद्या ज्या कपाटात असत तेथे. पट्टेवालीचे पहिले गृहीतक असे की लोकर लेकीसाठी आणली जाते. निरीक्षणाअंती क्रम उलटा आढळतो, पण ते पुढे येईलच.

या कामाचे परिमाण वाचकाच्या लक्षात यावे म्हणून थोडे गणित आवश्यक आहे. पाच वर्षांच्या मुलीच्या स्वेटरचा पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी साधारण ७२ टाक्यांचा व ११४ ओळींचा धरला, तर दोन्ही मिळून १६,४१६ टाके होतात. दोन बाह्यांचे आणखी सात-आठ हजार धरले की एकूण २४,००० च्या आसपास जातात, आणि मिनिटाला २५ टाके या बऱ्या वेगाने ते सोळा तासांचे काम ठरते. हे सोळा तास प्रत्यक्षात दोन महिने घेतात, याचे कारण विणकामातील ‘सुई’ या कालमापनाच्या एककात आहे. विणकर स्त्रिया एका ओळीला ‘एक सुई’ म्हणतात, आणि ‘एवढी सुई झाली की उठते’ हे वाक्य पट्टेवालीच्या घरात दिवसाकाठी किमान चार वेळा उच्चारले जाते. हिशोबाने ७२ टाक्यांची सुई तीन मिनिटांत संपते. परंतु चार सुयांचा पट्टा अर्धवट सोडणे अशुभ नसले तरी अस्वस्थ करणारे असते, म्हणून ती पट्टा पुरा करते. आणि पट्टा पुरा झाला की हळदीच्या पिवळ्यावर वांगी रंग कसा दिसेल ही जिज्ञासा उत्पन्न होते, जी किमान दोन सुया विणल्याखेरीज शमत नाही. एकरंगी विणकामात माणूस कंटाळून उठतो. पट्ट्यांत उठण्याची प्रत्येक जागा हीच पुढे जाण्याची जागा असते. स्वयंपाकघरात ओट्यावर उतू गेलेले दूध या सिद्धान्ताची साक्ष देते.

आणि तरीही सर्वांत बिकट भाग विणण्याचा नाहीच. रंग बदलताना जुना धागा तोडून नवा जोडावा लागतो. रंग दोनच असतील तर ते कडेने सोबत नेता येतात, पण सात-आठ रंगांचा लवाजमा कडेने चालवणे अशक्य, म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या आरंभी आणि अंती धाग्याचे एकेक शेपूट लोंबत राहते. चार ओळींचा पट्टा धरल्यास एका भागात सुमारे २८ पट्टे, म्हणजे ५६ शेपटे, आणि बाह्यांसह सबंध स्वेटरला दोनशेच्या घरात. ही शेपटे दाभणाने आतल्या बाजूस ओवून जिरवायची असतात. हे काम पट्टेवाली ‘एकदम शेवटी करू’ म्हणून ठेवते, आणि शेवटी लेकीच्या मावसभावाच्या मुंजीला निघण्याच्या आदल्या रात्री तिला त्याची आठवण होते, त्यामुळे तिच्या लेकीचे पुष्कळ स्वेटर बाहेरून इंद्रधनुष्य आणि आतून अस्वल असतात. लेक ‘टोचतंय’ म्हणते तेव्हा ती लोकरीबद्दल नव्हे तर या अस्वलाबद्दल बोलत असते, पण हे आईच्या ध्यानात यायला तिसरा स्वेटर उजाडतो.

मराठी घराला पट्टा नवा नाही, परंतु त्याची प्रतिष्ठा मर्यादित आहे. तो आजोबांच्या नाडीच्या पायजम्यावर उभा राहिला आणि तेथून फारसा वर चढला नाही. त्यामुळे पट्टेवालीला आपल्या छंदाची वंशावळ बाहेरून आणावी लागते, आणि ती मोठ्या आस्थेने आणते. फ्रेंच आरमाराने १८५८ साली खलाशांच्या विणलेल्या सदऱ्याचे मोजमाप हुकमाने ठरवून दिले, त्यात अंगावर २१ पांढरे पट्टे होते आणि प्रत्येक पांढरा पट्टा निळ्याच्या दुप्पट रुंद होता, ही माहिती ती वाढदिवसाच्या समारंभात आपणहून पुरवते. मिशेल पास्तुरो या फ्रेंच इतिहासकाराने पट्ट्यांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले आहे, हेही ती सांगते; मात्र त्या पुस्तकाचे म्हणणे असे की मध्ययुगीन युरोपात पट्टेरी वस्त्र बदनाम होते, वेश्या, विदूषक आणि जल्लाद यांच्या अंगावर ते चढवले जाई, आणि कार्मेलाइट पंथाच्या साधूंना आपल्या पट्टेरी झग्याची इतकी टवाळी सोसावी लागली की १२८७ साली त्यांनी तो टाकून पांढरा झगा स्वीकारला, हा भाग ती सोयीस्करपणे गाळते. लेकीच्या आत्याने ‘आडव्या पट्ट्यांनी पोरगी जाड दिसते गं’ असा शेरा मारला असता तिच्यापाशी हेल्महोल्ट्झ तयार असतो. या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन आहे त्यापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. आत्या यावर ‘तो चौकोन होता, ही बाळसेदार आहे’ असे उत्तर देते, आणि भौतिकशास्त्राला येथे माघार घ्यावी लागते.

पट्टेवाल्यांतील एक लहानसा पण विद्वान उपवर्ग रंगांचा आणि रुंदीचा क्रम मनाच्या लहरीवर न सोडता गणिताने ठरवतो. १, १, २, ३, ५, ८ अशी, प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असलेली मालिका फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध असली, तरी त्याने ती १२०२ साली मांडण्याआधीच हेमचंद्राने लघु-गुरूंच्या छंदशास्त्रात तिचा हिशोब केला होता; आणि विणकामाच्या छंदात छंदशास्त्र आल्याचा आनंद या उपवर्गाला दोनदा होतो. व्यवहारात मात्र अडचण अशी की विषम ओळींचा पट्टा विणला की धागा पलीकडच्या काठाला जाऊन बसतो, आणि पुन्हा हवा असताना हाताशी येत नाही. म्हणून सर्व संख्या दुप्पट कराव्या लागतात: २, २, ४, ६, १०, १६, २६. यांची बेरीज ६६ होते, पुढचा पट्टा ४२ ओळींचा येतो, आणि स्वेटरचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एकाच रंगाने व्यापला जातो, ज्याला पट्टा म्हणणे हेमचंद्राच्या नावाला शोभत नाही. हवामानावरून रंग ठरवण्याचीही एक पद्धत आहे, तीत दर दिवसाच्या तापमानानुसार एक ओळ विणतात. पुण्यात ती बरी साधते. मुंबईतील एका वर्षाचा मफलर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ एकाच नारिंगी रंगाचा होतो.

घरातील पुरुषाविषयी थोडक्यात सांगता येते. लोकर लडीने मिळे त्या काळी गुंडा करताना दोन्ही हात पुढे करून लडी ताणून धरणे एवढे एक कार्य त्याला नेमून दिलेले होते. तयार गुंडे आल्यापासून तेही गेले, आणि आता त्याने फक्त सोफ्यावर बसण्यापूर्वी सुया चाचपायच्या असतात.

राहता राहिली लेक. या छंदातील तिचे स्थान शिंप्याच्या दुकानातील पुतळ्याचे आहे, फरक इतकाच की पुतळा वाढत नाही. पहिल्या वर्षी ती झबली, टोपडी आणि मोजे निमूटपणे घालते, हा पट्टेवालीचा सुवर्णकाळ. पाचव्या वर्षी तिला मत फुटते आणि रंग विचारल्यावर ती गुलाबी, गुलाबी आणि गुलाबी असे तीन रंग सांगते. आठव्या वर्षी हातांची लांबी बाह्यांच्या पुढे धावू लागते, आणि येथे पट्ट्यांचा खरा गुण दिसतो, कारण मनगटापाशी टाके उचलून आणखी चार पट्टे जोडले तरी ते मूळचेच वाटतात. एकरंगी स्वेटरला अशी डागडुजी झाकता येत नाही. काही स्वेटर या रीतीने तीन वर्षे चालतात व त्यांच्या बाह्यांवर मुलीची वाढ, झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे, मोजता येते. मापे घेताना मात्र लेक स्थिर उभी राहत नाही, म्हणून ती झोपल्यावर पट्टी लावली जाते.

चौदाव्या वर्षी ती ‘आई, या वेळी काळा विण, फक्त काळा’ असे म्हणते.

“काळा आणि?” असे पट्टेवाली विचारते.

या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही आणि काळा स्वेटर सुरू होतो. काळ्या लोकरीत रात्री ट्यूबलाइटखाली टाके दिसत नाहीत, गळालेला टाका पाच सुयांनंतर सापडतो व तेवढे उसवावे लागते, काम कोठवर आले हे सांगणारा पट्टा नसल्यामुळे प्रगती कळत नाही, आणि ‘एवढी सुई झाली की उठते’ म्हणून ती खरोखरच उठते. दूध त्या हिवाळ्यात एकदाही उतू जात नाही. लॉट नंबर आता पाळावाच लागत असल्याने खबरदारी म्हणून दोन गुंडे जास्त आणलेले असतात. स्वेटर पुरा होतो, लेकीला आवडतो, ती तो धुवायलाही देत नाही. उरलेले दोन काळे गुंडे पट्टेवाली कपाटात ठेवायला जाते, तेथे नारिंगीशेजारी ते पडतात, ती त्यांच्याकडे थोडा वेळ पाहते, आणि तळमजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडात तीनेक वर्षांची मुलगी आहे असे कानावर आले होते ते खरे की काय, याची चौकशी त्याच संध्याकाळी होते.