दोन नंबरचा रिमोट

आमच्या चिरंजीवांनी परवा वहीच्या मागच्या पानावर एक यादी केली. शीर्षक: ‘पुढच्या कन्सोलमध्ये काय पाहिजे’. आमच्या घरात वाणसामानाची यादीसुद्धा कुणी इतक्या तन्मयतेनं केलेली नाही. पहिलं कलम जागा, दुसरं ड्रिफ्ट आणि तिसरं ‘लाइट गेले तर आपल्याला ओरडू नये’. हे तिसरं वाचलं आणि मी चष्मा लावून बसलो.

कारण अन्याय खरा आहे. आमच्याकडे गुरुवार हा वीज जायचा वार. ती परत आली की कन्सोल उठता उठताच सुनावतो की मला नीट बंद केलं गेलं नव्हतं. अरे बाबा, बंद केलं कुणी? डीपीवरचा फ्यूज उडाला, त्याचा राग घरातल्या पोरावर! बरं, उलट उत्तर द्यायचीही सोय नाही. मुकाट्यानं ‘ओके’ दाबायचं.

जागेचं दुखणं तर सार्वत्रिक. २०२० साली प्लेस्टेशन ५ आला तेव्हा त्यात ८२५ जीबी होते, पण खेळ ठेवायला मिळायचे ६६७ च्या आसपास. बाकीची जागा यंत्राच्या स्वतःच्या संसाराला. ज्यानं पुण्यात फ्लॅट घेतलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही: पहिला आकडा बिल्टअप, दुसरा कार्पेट. त्यात हल्लीचे काही खेळ शंभर जीबीच्याही पुढे जाणारे. नवा पाहुणा यायचा तर जुन्याला सामानासकट बाहेर काढावं लागतं. १९८५ चा अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० केबीत मावला होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं सुप्रभाताचं एक फूल त्याहून जड असतं.

पण मी रमलो ते ड्रिफ्टमध्ये. ड्रिफ्ट म्हणजे रिमोटच्या कांडीला हात न लावता पडद्यावरचा माणूस आपल्या मनानं डावीकडे चालू लागतो. तसं चालणारी माणसं मी ऑफिसात पुष्कळ पाहिली आहेत, पण इथं कारण यांत्रिक निघालं. मी बिघडलेला रिमोट घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं तो उघडला, स्प्रे मारला आणि म्हणाला, “काका, महिनाभर चालेल. मग परत या.” आत कांडीखाली बोटाच्या पेराहून लहान अशा दोन डब्या होत्या. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असायची तीच चीज. आत कार्बनची पट्टी, तिच्यावरून घासत जाणारी पत्र्याची जीभ. घासून घासून पट्टी झिजली की रेडिओ खरखरायचा. इथं खरखर ऐकू येत नाही, एवढाच फरक. आमचे दादा – म्हणजे वडील – बातम्यांच्या वेळी ते बटण दोनचार वेळा गरगरा फिरवून त्याचा इलाज करत. मीही घरी येऊन कांडी गरगरा फिरवली. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला.

यादीत त्यानं यावर उपायही लिहिलाय: ‘मॅग्नेटवाली कांडी’. तिच्यात लोहचुंबक असतं, जवळचा सेन्सर त्याची हालचाल टिपतो, घासत काहीच नाही, मग झिजणार काय? आणि ही युक्ती १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टच्या रिमोटमध्ये होती. म्हणजे पोरगा भविष्याकडे जे मागतोय ते त्याच्या जन्माआधी देऊन झालेलं आहे. मागण्यांचं हे असंच. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हा घरी खेळायचा पहिला कन्सोल बाजारात आला, तेव्हा त्याला आवाज नव्हता, रंग नव्हता. रंगासाठी टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद लावायचा आणि गुण स्वतः कागदावर मांडायचे. त्या खेळाडूंनी यादी केली असती तर पहिलं कलम ‘आवाज’ असतं. आता आमच्याकडे पंख्याचा आवाज कमी करा म्हणून वेगळं कलम आहे. (यात थोडी चूक आईची. पूर्वी टीव्हीवर घालायची तसा तिनं कन्सोलवर क्रोशाचा रुमाल घातला होता. तो काढल्यावर पंखा बराच शांत झाला. आई मात्र अजून झालेली नाही.)

शेवटी चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुमचं काय लिहू?”

मी म्हटलं, “खोक्यात दोन रिमोट.”

हल्ली एकच येतो. दुसऱ्याला पाच-सहा हजार वेगळे मोजा. आमच्या लहानपणीच्या खेळाच्या डब्यात दोन रिमोट गृहीतच होते. तो जपानी फॅमिकॉमचा कुठला तरी दूरचा नक्कल-भाऊ होता. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं; खेळ खरे दहा-बारा, बाकी त्यांचीच सोंगं. ती चालली नाही की फुंकर मारायची. फुंकरीतल्या ओलाव्यानं आतल्या पट्ट्या गंजतात हे फार नंतर कळलं, तोवर आम्ही भक्तिभावानं गंज चढवत होतो.

पण ते दोन रिमोट सारखे नव्हते. १९८३ च्या मूळ फॅमिकॉममध्येच दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं नव्हती. त्यांच्या बदल्यात एक माइक दिला होता. आमच्या नकलेत माइकही नव्हता, नुसती कोरी जागा. पहिला रिमोट थोरल्या भावाचा, हे आईच्या पोटातच ठरलेलं. त्यामुळे पॉज करायचा अधिकार आयुष्यभर अण्णाकडे. त्याला तहान लागली की जग थांबायचं. मला लागली तर कॉन्ट्रातला माझा माणूस तिथल्या तिथे गोळ्या खात मरायचा, आणि वर अण्णा म्हणायचा, “लक्ष कुठंय तुझं?” मी त्या कोऱ्या जागेवर अंगठा दाबून पाहिलेला आहे. एकदा नाही, बरेचदा.

गणपतीत अण्णा बंगळूरहून आला. पन्नाशी ओलांडली आहे, गुडघा धरतो. आरती, जेवणं आटोपल्यावर चिरंजीवांनी जुन्या खेळांचा संग्रह लावला आणि दोन्ही रिमोट पुढे केले. अण्णानं न बघता पहिला उचलला. मी दुसरा घेतला. खड्ड्यावरून उडी मारायला त्यानं मान पुढे काढली, जीभ दातांत धरली, आणि बरोबर त्याच क्षणी मी पॉज दाबला.

“काय रे?” अण्णा ओरडला.

“काही नाही,” म्हटलं, “पाणी पिऊन येतो.”