चाकं आत, हँडल बाहेर

विमानात शिरल्यावर माणसं आपल्या सीटचा नंबर शोधतात. आमचे भाऊजी नंबराकडे बघतही नाहीत, ते खातं ताईकडे. भाऊजी मान वर करून एकेका कप्प्यात डोकावत चाललेले असतात, लग्नघरात कोठीवर नेमलेला माणूस डबे उघडून बघतो तसे. चौथ्या-पाचव्या रांगेशी ते थबकतात, ‘च्च’ करतात, आणि मग ताईला ज्या दोन शब्दांची धास्ती असते ते येतात : “द्या इकडे.”

समोर कोणीतरी हमखास अडकलेलं असतं. बॅग छातीपर्यंत आलेली, वर जात नाही आणि खाली घ्यायला लाज वाटते, अशा अवस्थेत. भाऊजी ती अलगद काढून घेतात, हातात जरा तोलतात आणि वजन सांगतात. “साडेनऊ! सात किलोच्या नियमात कशी बसवलीत हो काउंटरवर?” हे पहिल्या रांगेतल्या एअर होस्टेसपर्यंत पोचेल अशा आवाजात. तो माणूस कानकोंडा होतो. भाऊजींच्या मनात मात्र निव्वळ कौतुक असतं.

पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. रिकामी जागा वाया गेलेली त्यांना बघवत नाही. आडवी टाकलेली बॅग म्हणजे त्यांच्या लेखी पंगतीत मांडी पसरून बसलेला पाहुणा. “जागा नसते असं नसतं, जागा करावी लागते,” हे पहिलं वचन. दुसरं, “चाकं आत, हँडल बाहेर.” तिसरं, “पुस्तकं ठेवतो तशी ठेवायची, कडेवर.” बोईंगच्या ७३७मध्ये नव्या पद्धतीचे खोल कप्पे आले, त्यांत एरवी चार मावतात तिथे कडेवर उभ्या केल्या तर सहा बॅगा बसतात, हे त्यांना कुठेतरी वाचायला मिळालं, तो दिवस त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवसांपैकी एक. हा आकडा ते कधीच विसरत नाहीत. लग्नाचा वाढदिवस दोनदा विसरलेत.

त्यांच्या आवडीची आणखी एक माहिती म्हणजे, पूर्वीच्या विमानांत डोक्यावर बंद कप्पे नव्हतेच. नुसती उघडी फळी असायची, साहेबांच्या टोप्या आणि कोट ठेवायला. तिचं नावच हॅट रॅक. झाकणवाले कप्पे रुळले ते सत्तरच्या सुमाराला जंबो जेट आल्यावर. “म्हणजे बघ,” ते मला म्हणतात, “टोपीच्या जागेत आपण संसार घालतोय. मग शिस्त नको?”

परप्रांतीय प्रवाशांसाठी त्यांची खास हिंदी आहे. “बेटा, उसको आडवा मत डालो, कड पे खडा करो.” समोरचा बेटा कानपुरचा असो की कोइमतूरचा, ‘कड’ या शब्दाशी ठेचकाळतो. मग भाऊजी हाताने करून दाखवतात आणि सगळं कळतं.

या विद्येचं मूळ एसटीत आहे. भाऊजी नगरचे. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावली, हे ते अशा थाटात सांगतात की ती त्यांच्या वडिलांनीच ढकलून सुरू केली असावी. लहानपणी मागच्या शिडीने टपावर चढून ट्रंका, वळकट्या, एकदा तर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या त्यांनी वर घेतलेल्या आहेत. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि मग त्याच खिडकीतून आधी सामान, मागाहून धाकटा भाऊ आत घ्यायचा. असा माणूस विमानात गेला म्हणून काय हात बांधून बसेल?

त्यांची स्वतःची बॅग? एक रेक्झिनची पिशवी. तीत मफलर, गोळ्यांची डबी, सुपारी. ती पायाशी, पुढच्या सीटखाली. वरच्या कप्प्यावर त्यांचा काडीचाही हक्क नाही, आणि म्हणूनच सगळ्या कप्प्यांवर त्यांचा अधिकार चालतो.

सेवा गेटपासूनच सुरू होते. विमान भरलेलं असलं की कर्मचारी काही बॅगा खालच्या होल्डमध्ये टाकायला काढून घेतात. पॉवर बँक तिथे चालत नाही, जवळच ठेवावी लागते. हे समजल्यापासून भाऊजी रांगेच्या कडेने “पॉवर बँक, पॉवर बँक काढा” करत फिरतात. लोहगावला एका गृहस्थांनी त्यांना थांबवून विचारलं, “केवढ्याला?”

दिल्लीच्या फेरीला मात्र प्रकरण अंगाशी आलं. दार लागायच्या आधी हवाई सुंदरीने एका तपकिरी बॅगेवर हात ठेवून विचारलं, ही कोणाची? एकोणिसावी रांग. कोणी बोलेना. तिने पुन्हा विचारलं, मग माइकवरून विचारलं. बॅगेला धनी नाही म्हटल्यावर विमानात जी शांतता पसरते ती वेगळीच असते. शेजारचे लोक बॅगेपासून चार इंच का होईना सरकले. सगळ्यांत जास्त भडकले ते भाऊजी. “अहो, बोला की! एकाच्या बेफिकिरीने सगळ्यांना उशीर!” ते उभे राहून रांगेरांगेत चौकशी करू लागले. खाली उतरवायची भाषा सुरू झाली, आणि एकाएकी भाऊजींचा चेहरा वितळला. चौथ्या रांगेत एक आजोबा माकडटोपी कानावर ओढून गाढ झोपले होते. त्यांची बॅग तिथे आडवी होती, तिने दोघांची जागा अडवली होती, आणि तिला मागे पंधरा रांगा नेऊन नीट कडेवर उभी करणारा माणूस आता अगदी बारीक आवाजात म्हणत होता, “मीच ठेवली.”

ताई त्या वेळी सुरक्षा सूचनांचं कार्ड वाचत होती. ती नेहमी तेच वाचते. आपत्कालीन दार कसं उघडायचं हे तिला तोंडपाठ असणार.

तेव्हापासून भाऊजी बॅग हलवली की मालकाला रांग सांगतात आणि त्याच्याकडून वदवून घेतात. “अकरा, उजवीकडे. म्हणा.” लोक म्हणतात! मोठमोठे सूटवाले “अकरा, उजवीकडे” म्हणतात.

आजीबाई भेटल्या की त्यांच्या आवाजाची पट्टी खाली येते. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या, स्पोर्ट्स शूजवर नऊवारी नसली तरी सहावारी नेसलेल्या. “काय आहे आत? डिंकाचे लाडू? ते खाली चालतील. चकली? मग ही सगळ्यांत वर, हिच्यावर काही नको.” भाजणीच्या चकलीचा डबा त्यांनी एकदा मुंबईहून बंगळूरपर्यंत मांडीवर नेला. डबा ओळखीच्यांचा नव्हता. उतरताना त्या बाईंनी दोन चकल्या काढून हातावर ठेवल्या, तर म्हणाले, “एकही तुटलेली नाही, बघा.” खाल्ल्या मात्र घरी येऊन, मोडून.

चाकं धावपट्टीला लागतात न लागतात तोच पट्टे सुटल्याचे टकटक आवाज येतात आणि सगळं विमान मान वाकडी करून उभं राहतं. हा भाऊजींचा वाटपाचा मुहूर्त. “निळी तुमची. लाल रिबीनवाली त्या मावशींची, पुढे द्या.” बॅगा हातोहात सरकतात. कानात बोंडं घातलेला एखादा पोरगा बॅग घेतो आणि न बघता निघून जातो. भाऊजींना त्याचं काही नाही. सगळे गेल्यावर ते रिकाम्या कप्प्यांवरून एक नजर फिरवतात आणि राहिलेलं एखादं जाकीट एअर होस्टेसच्या हवाली करतात.

आणि घरी? माळ्यावरचा आकाशकंदील ताई स्टुलावर चढून स्वतः काढते. भाऊजी खालून स्टूलसुद्धा धरत नाहीत. एकदा मी बोलले, तर म्हणाले, “मेव्हणीबाई, तो माळा तिच्या पद्धतीने लावलेला आहे. मी हात घातला तर तिला काही सापडणार नाही.” चौदाव्या रांगेतल्या माणसाला ही सवलत कधी मिळालेली मी पाहिली नाही.

गेल्या दिवाळीआधी त्यांचा उजवा खांदा आखडला. फ्रोजन शोल्डर. डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर न्यायला बंदी केली. मुलीकडे बंगळूरला निघालो, मीही बरोबर होते. भाऊजी चक्क आपला नंबर शोधून खिडकीशी जाऊन बसले. मधे ताई, कडेला मी. पलीकडच्या रांगेत एक मुलगी बॅग वर लोटत होती. आडवी, चाकं बाहेर. भाऊजींची बोटं गुडघ्यावर वळवळली. “बेटा,” ते म्हणाले, “उसको जरा...” ती गोड हसली. “हो गया अंकल, आप बैठिए.” झाकण काही बसेना. तिने दोनदा दाबलं, मग तसंच सोडून खाली बसली.

भाऊजी बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या होत्या. मी उपम्याचा डबा उघडून पुढे केला, तर नको म्हणाले.

ताईने सुरक्षा सूचनांचं कार्ड खिशात सरकवलं आणि माझे गुडघे ओलांडून बाहेर निघाली. चवड्यांवर उभी राहून तिने ती बॅग ओढली, कडेवर फिरवली, चाकं आत, हँडल बाहेर, शेजारची दोन बोटं डावीकडे सारली आणि झाकण दाबलं. टक्.

मग ती परत येऊन बसली, पट्टा बांधला, आणि भाऊजींकडे न बघता म्हणाली, “आता खा तो उपमा.”