सर्वनाममास्तर

आमच्या तालुक्यात विधानसभेची निवडणूक लागली की तिघांना उसंत नसते: मंडपवाला, स्पीकरवाला आणि मास्तर. पहिल्या दोघांचं काम लोकांना दिसतं आणि ऐकू येतं. मास्तरांचं काम असं, की ते नीट झालं तर कोणाला काही ऐकू येत नाही, पण सगळ्यांना बरोबर कळतं.

मास्तर हायस्कुलात मराठी व्याकरण शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात भांडतात. मास्तर छापखान्यात जाऊन बसले. निमित्त झालं छापखानावाल्याच्या भीतीचं. प्रचाराच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. तो म्हणाला, "उमेदवाराचं काय, आज पडला तर पाच वर्षांनी पुन्हा उभा राहतो. माझं मशीन एकदा उचलून नेलं की बसलं कायमचं." म्हणून त्याने मास्तरांना मजकूर नजरेखालून घालायला सांगितलं, आणि मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच असा विद्यार्थी मिळाला, की ज्याला व्याकरणाची खरोखर गरज होती.

त्यांच्या पाकिटात एका बाजूला विठोबाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला घडी घातलेला कागद: लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३, पोटकलम ३. धर्म, जात, भाषा वगैरेंच्या नावावर मत मागणं म्हणजे भ्रष्ट आचार, असं ते कलम. तेवढ्यावरून निवडणूक रद्द होते. धर्म आणि राज्य यांची फारकत आमच्याकडे जेवढी म्हणून झाली आहे, ती मास्तरांच्या पाकिटातच. मधे प्लास्टिकची एक पट्टी.

एकदा माझ्यासमोर एक उमेदवार आला. मास्तरांचाच विद्यार्थी, आठवीत दोनदा बसलेला. (आमच्याकडे सगळ्याच पक्षांचे उमेदवार मास्तरांचे विद्यार्थी. पक्ष बदलतात, मास्तर तेच.) हातात पत्रकाचा मजकूर: 'आपल्या धर्माच्या रक्षणासाठी भाऊंनाच मत द्या.'

"यात चुका किती?" मास्तरांनी विचारलं.

"सर, पोरांकडून तपासून घेतलंय. ऱ्हस्व-दीर्घ ओके आहे."

"अरे गाढवा, 'आपल्या' म्हणजे कोणाच्या? सर्वनाम आहे ते. कोर्टात पहिला प्रश्न त्यावरच येतो. पुढे 'धर्म', नाम. शेवटी 'मत द्या', आज्ञार्थ. तिघं एका वाक्यात बसवलेस. एका मोटरसायकलवर तिघं बसल्यासारखं आहे हे. जाता येतं, पण चौकात पोलीस असतो."

"मग काय करायचं, सर?"

मास्तरांनी लाल पेनने वाक्याचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा सोमवारच्या कीर्तनाला. तिथे भाऊंनी फक्त टाळ घेऊन उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. दुसरा तुकडा गुरुवारच्या सभेला: रस्ते, पाणी, मत द्या. "वाक्य मी तोडतो," मास्तर म्हणाले, "ऐकणारा जोडतो. मधलं उभयान्वयी अव्यय त्याच्या डोक्यात असतं. डोक्यातल्या अव्ययावर अजून कोणी खटला भरलेला नाही."

मला वाटतं, हे वाक्य एखाद्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला सुचलं असतं तर त्याने त्यावर पीएचडी केली असती. मास्तरांनी त्यावर एक नारळ घेतला.

हो, फी नारळाची. प्रचाराचा नारळ फुटतो तसा एक मास्तरांच्या घरी जातो. हंगामात त्यांच्याकडे चटणीत नारळ, आमटीत नारळ, वड्या नारळाच्या. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "ह्यांची लोकशाही मला रोज खवावी लागते." नारळ हे धार्मिक चिन्ह की काय, असा प्रश्न मी मुद्दाम विचारला होता. मास्तरांनी विचार करून निवाडा दिला: "फोडताना मंत्र म्हटला तर धार्मिक. घोषणा दिली तर फळ."

त्यांची खटल्यांची आठवण विलक्षण आहे आणि प्रत्येक खटला त्यांना व्याकरणातूनच समजतो. सगळ्यात आवडता खटला कोंबड्याचा. बिहारात झारखंड पक्षाची निशाणी कोंबडा. पत्रकात कोंबडाच आदिवासी मतदाराशी बोलत होता: मला मतांचा चारा घाला. कोंबडा त्यांच्या पूजाविधीतला, तेव्हा हे धर्माच्या नावाने आवाहन झालं, असं सुप्रीम कोर्टाने १९५९ साली ठरवलं. मास्तर म्हणतात, "निशाणी चालली असती. कायद्यात स्पष्ट आहे, आयोगाने दिलेली निशाणी धार्मिक धरायची नाही. पण कोंबडा प्रथमपुरुषी बोलायला लागला आणि सगळं मुसळ केरात!" तेव्हापासून त्यांच्या हाताखालून गेलेली एकही निशाणी बोललेली नाही.

मग पंजाबचा १९६४ चा खटला. पत्रकात 'पंथा'ची शान राखा असा सूर. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी तो मजकूर वाचून सांगितलं, की इथे पंथ म्हणजे शीख धर्म नव्हे, अकाली पक्ष. उमेदवार वाचला. मास्तर यावरून एकदम आपल्या घटनेच्या उद्देशिकेवर उडी मारतात. १९७६ साली तिच्यात जो शब्द आला तो मराठीत 'धर्मनिरपेक्ष' आहे, पण हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. "आता पंथ म्हणजे पक्ष असेल," मास्तर डोळे बारीक करतात, "तर पंथनिरपेक्ष म्हणजे पक्षनिरपेक्ष. म्हणजे आपले सगळे आयाराम-गयाराम घटनेनुसारच चाललेत की रे!"

पण खरी रंगत ११ डिसेंबर १९९५ ची. त्या एका दिवशी एकाच खंडपीठाने मुंबईचे दोन निकाल दिले. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक: डॉ. रमेश प्रभू निवडून आले होते, हायकोर्टाने निवड रद्द केली होती, सुप्रीम कोर्टाने रद्दच ठेवली. प्रचाराची भाषणं केली होती बाळासाहेब ठाकऱ्यांनी. पुढे त्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. दुसरा निकाल मनोहर जोशींचा. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, असं १९९० साली शिवाजी पार्कवर बोलल्याबद्दल हायकोर्टाने त्यांचीही निवड रद्द केली होती. सुप्रीम कोर्टाने ते विधान निंद्य म्हटलं, पण ती नुसती आशा आहे, धर्माच्या नावाने मत मागणं नव्हे, असं सांगून निवड कायम केली. निकाल आला तेव्हा जोशी मुख्यमंत्री होते.

ह्या जोडनिकालावर मास्तरांची अख्खी प्रॅक्टिस उभी आहे. "कळलं का? आज्ञार्थ बुडाला, भविष्यकाळ तरला." मग ते उमेदवाराला बाकावर बसवून तोंडी घेतात. 'मंदिर बांधा' चूक. 'मंदिर बांधू' संशयास्पद, कारण कर्ता कळतो. 'मंदिर होईल' बरोबर. कर्ता नाही, मागणी नाही, क्रिया आपोआप होते आहे, पाऊस पडेल तशी. बारावीत व्याकरण ऑप्शनला टाकलेली मुलं हे डोळे विस्फारून ऐकतात आणि वहीत उतरवून घेतात.

२ जानेवारी २०१७ ला मी छापखान्यात गेलो तर पेढे.

"कसले, सर?"

"सर्वनामाचा निकाल लागला."

प्रकरण असं. १९६१ पर्यंत कायद्यात 'पद्धतशीर' आवाहन असा शब्द होता. त्या साली तो काढला आणि 'त्याच्या' धर्माच्या नावावर, असं केलं. मास्तरांच्या भाषेत, विशेषण गेलं, सर्वनाम आलं. आता 'त्याच्या' म्हणजे उमेदवाराच्या, की मत देणाऱ्याच्यासुद्धा? सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून हा वाद सुरू झाला आणि सात न्यायमूर्तींपुढे गेला. चौघं म्हणाले, सगळ्यांच्याच धर्माच्या. तिघं म्हणाले, मतदाराच्या नव्हे. बोबडे चौघांत, ललित आणि चंद्रचूड तिघांत. मराठी माणसांचं सर्वनामावर एकमत व्हावं ही अपेक्षा मास्तरांनीही केली नव्हती. "आमदारकीची मुदत पाच वर्षं," पेढा माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "सर्वनामाची सत्तावीस! आणि तुम्ही पोरं विचारायचात, व्याकरणाचा पुढे उपयोग काय."

मास्तर पक्षपाती आहेत असं मात्र त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. एका सेक्युलर उमेदवाराचं पत्रक त्यांनी इतकं लाल केलं की तो चिडला. त्याची धर्मनिरपेक्षता म्हणजे सगळ्या धर्मांकडे सारखंच मागायचं. सकाळी देवीचा अंगारा, संध्याकाळी इफ्तार, रविवारी फादरना गुलाबाचं फूल. पत्रकात तिन्ही धर्मगुरूंचं एकेक वाक्य. "सर, हे तर सर्वधर्मसमभाव!" "हो, म्हणजे तीन गुन्हे समभावाने." ह्याच गृहस्थांनी आचारसंहितेआधी गावोगावच्या भजनी मंडळांना पेट्या आणि पखवाज वाटले होते आणि वर 'धर्मांध शक्तींना रोखा' असं छापलं होतं. मास्तरांनी विचारलं, पखवाजावर रोखणार का?

पक्षांची नोंदणी हाही त्यांचा एक करमणुकीचा विषय. १९८८ च्या दुरुस्तीपासून नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांच्याशी निष्ठा लिहून द्यावी लागते. "बघ, मालकाचा समाजवादी, महंताचा धर्मनिरपेक्ष आणि घराण्याचा लोकशाहीवादी. तिघांनी सही केलेली आहे. शुद्धलेखनाची चूक एकाचीही नाही."

त्यांचं स्वतःचं मत काय, हे विचारायला मी बरीच वर्षं घाबरत होतो. शेवटी आषाढीच्या आदल्या रात्री विचारलं. मास्तर दर वर्षी पहाटे उठून मुख्यमंत्र्यांची पंढरपूरची महापूजा टीव्हीवर बघतात. १९७३ च्या कायद्याने ते देऊळच सरकारी व्यवस्थेखाली आलं. म्हणजे विठोबाचा कारभार सरकार बघतं आणि सरकारचा कारभार नीट चालू दे म्हणून मुख्यमंत्री विठोबाला साकडं घालतात. मी म्हटलं, ह्यात धर्म कुठे संपतो आणि राज्य कुठे सुरू होतं?

मास्तरांनी उत्तर टाळलं आणि गोष्ट सांगितली. १७ ऑक्टोबर १९४९. घटना समितीत ह. वि. कामतांनी मांडलं, की उद्देशिका 'ईश्वराच्या नावाने' सुरू व्हावी. सभासद विनवत होते, बाबा, देवाला मताला टाकू नका. कामत हटले नाहीत. मतं मोजली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. "देव सत्तावीस मतांनी पडला," मास्तर म्हणाले. थोडं थांबून, "पण डिपॉझिट वाचलं." आणि हात जोडून टीव्हीकडे बघायला लागले.

मला पूर्वी मास्तर लबाड वाटायचे. आता वाटतं, ते आपल्या गिऱ्हाइकांसारखेच होते. त्यांच्या बाकावर बसणाऱ्या कोणालाच ते वाक्य खरोखर म्हणायचं नसायचं. ज्याला 'धर्म' म्हणायचं असे त्याला मतं हवी असत, आणि 'निरपेक्ष' म्हणणाऱ्यालाही मतंच. म्हणून लाल पेन चालत असे. खोडलं तरी कोणाचं काही जात नव्हतं.

गेल्या निवडणुकीत एक पोरगा आला. अपक्ष. पंचविशी जेमतेम ओलांडलेला, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. भाषण स्वतःच्या हाताने लिहिलेलं, सात पानं. दुसऱ्या धर्माच्या लोकांचं काय करायचं, हे त्यात स्पष्ट होतं. कुठल्या गल्लीपासून सुरुवात करायची, तेसुद्धा. मास्तरांनी सवयीने पेनचं टोपण काढलं. पहिलं पान झालं. दुसरं झालं. पेन टेकेना.

"हे भविष्यकाळात करू या," शेवटी ते म्हणाले.

"नको, सर. मला आत्ताच म्हणायचंय."

"अरे, निवडणूक रद्द होईल. सहा वर्षं उभा राहता यायचं नाही."

"चालेल की."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. "यावर तुरुंगही आहे. वेगळं कलम आहे, तीन वर्षांचं."

"माहितीय, सर. वाचलंय मी." आणि त्याने वाकून नमस्कार केला, पानं उचलली आणि गेला. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नव्हती सात पानांत. मास्तर त्या दिवशी लवकर घरी गेले. जाताना पेन छापखान्यातच राहिलं, असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

पोरगा पडला, डिपॉझिटसकट. पण त्याच्या सभेला गर्दी बरी झाली होती, आणि ती गर्दी मोजायला माणसं गेली होती. प्रचार संपायला चार दिवस असताना विद्यमान आमदारांची गाडी छापखान्याशी थांबली. आमदार स्वतः उतरले. त्यांनी मास्तरांपुढे मोबाइल धरला. कोणीतरी ते भाषण शूट केलं होतं.

"सर, हेच पाहिजे," आमदार म्हणाले. "फक्त आपल्या पद्धतीने."

मास्तरांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. मी म्हटलं, सर, राहू दे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. छापखानावाल्याने खणातून लाल पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"कर्ता काढावा लागेल," बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी नारळ आला नाही. पोतं आलं.