सतर्कतेचा इशारा

सर खुर्चीतून उठत नाहीत. भोरच्या पेठेत एका जिन्यावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे. रात्री आठला तो बंद करायचा म्हणजे एकेका संगणकापुढे वाकायचं, माउस शोधायचा, हे त्यांना साफ नामंजूर. "ते शिपायाचं काम. आपण कमांड द्यायची," असं म्हणून ते चष्मा कपाळावरून नाकावर घेतात आणि कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडतात. तालुक्याच्या गावाला असा एक माणूस असतोच. त्याला कुणी पद दिलेलं नसतं, पण सगळं त्याच्या हुकमाने बंद होतं.

क्लासमधल्या प्रत्येक यंत्राला किल्ल्याचं नाव आहे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर, केंजळगड. सरांच्या स्वतःच्या यंत्राचं नाव राजवाडा. बंद करायची सुरुवात तोरण्यापासून, कारण स्वराज्याची सुरुवात तिथूनच झाली. "शटडाउन, स्लॅश एस, स्लॅश एम, दोन उलटे स्लॅश, तोरणा, स्लॅश टी, तीनशे," असं पुटपुटत दोन बोटांनी टाइप करतात. एस म्हणजे बंद, एमपुढे यंत्राचं नाव, टीपुढे मुदत सेकंदांत. एसच्या जागी आर लिहिलं तर यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं, पण सरांना त्यात रस नाही. "बंद म्हणजे बंद." हेच सगळं एका बॅच फाइलमध्ये लिहून ठेवलंय, तिचं नाव निजानीज. ती मात्र पाहुण्यांना दाखवण्यापुरती.

मेनूतून यंत्र बंद करणाऱ्याला ते अडाणी समजतात. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर मेनूतलं 'शटडाउन' पुरतं बंद करतच नाही, अर्धी सिस्टीम डिस्कवर राखून ठेवतं. ही माहिती ते चहावाल्यालाही देतात. चहावाला म्हणतो, "असं का सर," आणि कप विसळत राहतो.

ही विद्या सरांना मिळाली ती ऑगस्ट २००३ मध्ये, ब्लास्टर वर्मच्या कृपेने. एमएस-सीआयटीचे ते सुरुवातीचे दिवस. पोरं स्क्रीनपुढे बसली की साठ सेकंदांची उलटी गिनती सुरू व्हायची आणि यंत्र आपोआप रीस्टार्ट. शटडाउनपुढे ए लिहिलं की गिनती थांबते, हे सरांनी कुठूनसं शिकून घेतलं. भोरभर नाव झालं. जी कमांड लोक जीव वाचवायला शिकले, तिच्या जोरावर सर पुढे दरारा बसवू लागले.

पण सर जुलमी नाहीत. मुदतीवर त्यांची श्रद्धा आहे. टी लिहिलंच नाही तर संगणक तीस सेकंदच देतो, हे त्यांना असभ्य वाटतं. उलट तिथे ३१,५३,६०,००० हा आकडाही चालतो, म्हणजे तब्बल दहा वर्षं. "एवढ्या मुदतीची नोटीस तलाठीसुद्धा देत नाही!" मुदतीबरोबर निरोपही धाडता येतो, ५१२ अक्षरांपर्यंत. भाटघर धरण भरलं की नीरेकाठच्या गावांना जो इशारा जातो, त्याच भाषेत सरांचा निरोप असतो. काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन होतात म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत: 'सर्व विद्यार्थ्यांना सतर्कतेचा इशारा. पाच मिनिटांत विसर्ग सुरू होईल. फाइलहानीस क्लास जबाबदार नाही.'

पोरं बिचारी इशारा वाचून बाजूला सारतात आणि टायपिंग चालू ठेवतात. पाच मिनिटं भरतात. "सर, सेव्ह करायचं राहिलं!"

"इशारा वाचला होतास ना बाळा?"

यातली गोम अशी, की मुदत शून्याच्या वर दिली की एफ, म्हणजे सक्ती, न लिहिताच लागू होते. उघड्या फाइलींची गय नाही. नोटीस आली म्हणजे सक्ती आलीच, हे सरकारी कचेरीत उमजायला आयुष्य जातं. सरांच्या क्लासात एका संध्याकाळीच उमजतं.

कधीकधी गडही दाद देत नाहीत. 'ॲक्सेस इज डिनाइड' आलं की सर ताठ होतात. समोरच्या यंत्रावर आपला ॲडमिनचा हक्क लागतो, फायरवॉलने वाट सोडावी लागते. 'नेटवर्क पाथ' सापडत नसेल तर मात्र बहुतेक वेळा उंदराने केबल खाल्लेली असते. मग सर खुर्चीतूनच ओरडतात, "अरे, कुणीतरी रोहिड्याचं बटण दाबा!"

वेल्ह्यात एका शाळेची लॅबही त्यांच्याकडे आहे. भोरात बसून वेल्हं बंद करायचं, हे त्यांचं स्वप्न. व्हीपीएन जोडून पाहिलं, पण पावसाळ्यात तोरण्यावर ढग उतरले की रेंज आधी जाते. शेवटी रेनकोट चढवून, नसरापूर-चेलाडीमार्गे मोटरसायकलवर जाऊन सर रिमोट शटडाउन करतात. एकदा ते पोचायच्या आतच लाइट गेली होती. यूपीएस टीं टीं करून गप्प झाले होते, सगळे पडदे काळे.

"झालं की सर बंद," शिपाई म्हणाला.

"याला बंद म्हणतात? ना मुदत, ना निरोप!" सर बाकावर बसले. लाइट आली तेव्हा अंधार पडत होता. सरांनी सगळी यंत्रं सुरू केली, रिकाम्या लॅबला सतर्कतेचा इशारा दिला, पाच मिनिटं थांबले आणि रीतसर बंद करून निघाले.

क्लासबाहेर मात्र सरांच्या इशाऱ्याला किंमत नाही. कुणाकडे गेले की "पाच मिनिटांत निघतो" म्हणतात आणि दोन चहा होतात. तेवढ्यात घरून बाईंचा फोन, "अहो, निघताय ना?" क्लास बंद करून शेती बघणार, ही घोषणाही दर दिवाळीला होते. पोरांना आता ठाऊक झालंय: सरांनी स्वतःपुरता टीपुढे तो दहा वर्षांचाच आकडा टाकलाय, आणि मुदत संपत आली की हळूच ए दाबतात.