आप्पांचा सातबारा

निवृत्त माणसाला अहमदपुरात फार काळ रिकामं बसता येत नाही. पहिला महिना सत्कारात जातो, दुसरा आलेल्या शाली पाहुण्यारावळ्यांत वाटण्यात. तिसऱ्या महिन्यात तो वही आणतो. मुख्याध्यापक असेल तर आत्मचरित्राला बसतो आणि त्यात शाळेची इमारत शेवटच्या पानापर्यंत बांधून होत नाही. जमादार असेल तर गझलेकडे वळतो. बँकेतला असेल तर चारोळ्या, कारण कमी शब्दांत नकार द्यायचा सराव असतो. आमच्या घरी एक अख्खं कपाट या ‘सप्रेम भेट’ प्रतींचं आहे. त्यातल्या कुठल्याही पुस्तकाची पानं अजून एकमेकांना सोडून गेलेली नाहीत.

आमचे तलाठीआप्पा मात्र या रांगेत उशिरा आले. सरकारदरबारी आता तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, पण आप्पा त्याआधीच निवृत्त झाले, त्यामुळे ते मरेपर्यंत तलाठीच. लिखाणाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. “मी जेवढं लिवलं तेवढं तुमच्या कवींनी लिवलं का? आन् माझ्या लिवण्यावर लोक कोर्टात गेलेत. कवितेवर कोण गेलंय?”

मग २०२२चा एप्रिल आला. उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि आप्पा बसनं जाऊन आले. अध्यक्ष भारत सासणे. हे गृहस्थ प्रशासकीय सेवेतले, असं कुणीतरी मांडवात आप्पांच्या कानावर घातलं आणि आप्पांचा चेहराच बदलला. पुढे चौकशी करता कळलं की २०१८च्या बडोद्याच्या संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुखही सनदी अधिकारी, ‘पानिपत’वाले विश्वास पाटीलही तेच. “म्हणजे आपल्याच खात्यातले की!” आप्पा म्हणाले. आयएएस आणि तलाठी यांच्यामध्ये मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांत अशी भलीमोठी उतरंड आहे. आप्पांनी ती एका दमात ओलांडली.

त्यानंतर आप्पांनी मराठी साहित्याचा इतिहास महसूल खात्याच्या अंगानं नव्याने मांडला. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं उघडली, खातं महसूल. एकनाथांनी देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशेबातली एका पैची चूक रात्रभर जागून शोधली, खातं तेच. अंबाजोगाईचे दासोपंत तर वतनदार देशपांड्याचे चिरंजीव. महसूल थकला म्हणून बीदरच्या बादशहानं पोरालाच अडकवून ठेवलं अशी कथा. याच दासोपंतांनी पुढे चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिलं. ती पासोडी अंबाजोगाईला पाहून आल्यावर आप्पांनी एवढंच म्हटलं, “रजिस्टर आडवं धरलं असतं तर सोयीचं पडलं असतं.”

तर अशा तयारीनिशी आप्पा गावातल्या एका शाळेत भरलेल्या सर्जनशील लेखनाच्या कार्यशाळेत जाऊन बसले. पुण्याहून एक तरुण बाई आल्या होत्या. लिहिता लिहिता स्वतःला शोधा, लेखन हा खेळ आहे, असं त्या म्हणाल्या. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातलं खोल दुःख लिहायला लावलं आणि पुढच्या महिन्यांत त्या मुलांचं दवाखान्यात जाणं कमी झालं, हेही त्यांनी सांगितलं. आप्पांनी हात वर केला. “पंधरा मिनिटांत तर जबाब देणाऱ्याचं नाव, वय, धंदा होतो मॅडम. दुःख कवा लिवणार?”

शंका खरी ठरली. पहिला खेळ म्हणजे दहा मिनिटं पेन न उचलता मनात येईल ते लिहायचं. आप्पांनी ‘मौजे अहमदपूर, ता. अहमदपूर, जि. लातूर’ असं लिहिलं, दिनांक घातला, मग ‘आज रोजी आम्ही खाली सही करणार’ इथवर आले आणि वेळ संपली. तरी त्यांनी खाली सही केली. शेजारच्या दोघांची पंच म्हणून घेतली.

दुसऱ्या खेळात झाड व्हायचं होतं. कॉलेजातली पोरं वड झाली, पिंपळ झाली, एक मुलगी प्राजक्त होऊन स्वतःच रडली. आप्पा झाले बांधावरचं लिंबाचं झाड. ‘माझ्या मालकीबाबत दोन्ही खातेदारांत वाद आहे. तोडायच्या वेळी मी दोघांचा. पाला झाडायच्या वेळी कुणाचाच नाही. माझ्या मुळ्या कोणाच्या हद्दीत आहेत हे मोजणी करूनही समजलेलं नाही, मलाही नाही.’ वर्ग खदखदून हसला. आप्पा गांगरले. त्यांचं लिखाण ऐकून आजवर कुणी हसलं नव्हतं, फार तर शिव्या दिल्या होत्या.

तिसरा खेळ फ्रान्समधून आलेला. जॉर्ज पेरेक नावाच्या लेखकानं १९६९ साली एक आख्खी कादंबरी ‘ई’ हे अक्षर न वापरता लिहिली. बाईंनी प्रत्येकाला त्याचा लाडका शब्द काढून टाकायला सांगितला आणि आप्पांना बंदी घातली ‘सदर’वर. आप्पांना घाम फुटला. सदर गेला की त्यामागून सबब, उपरोक्त, येणेप्रमाणे ही सगळी वरातही निघून जाते आणि माणूस एकटाच कागदावर उभा राहतो. बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत बसले. मग त्यांनी २०१४च्या गारपिटीबद्दल लिहिलं. पंचनाम्याच्या नमुन्यात पिकाचं नाव, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी यांना रकाने होते. चिंचेखाली मरून पडलेल्या पोपटांना नव्हता. आप्पांनी तरीही पोपट मोजले होते. आकडा कुठंच भरता आला नाही म्हणून तो इतकी वर्षं त्यांच्या डोक्यातच राहिला होता. तो त्यांनी त्या दिवशी लिहिला, आणि सवयीनं खाली ‘अंदाजे’ असंही लिहिलं.

घरचा अभ्यास होता, स्वतःबद्दल एक पान. आप्पांनी ते कोऱ्या कागदावर लिहायचं नाकारलं. पट्टीनं रेघा मारून गाव नमुना सात-बारा आखला आणि भोगवटादार म्हणून स्वतःचं नाव लावलं. नंतर मला वाचायला बोलावलं.

क्षेत्र: पाच फूट चार इंच. पोटखराब: आहे (ॲसिडिटी). जलसिंचनाचं साधन: चहा. खरिपाचं पीक नोकरी, रब्बीचं पेन्शन. बोजा: मुलाच्या इंजिनिअरिंगचं कर्ज, फेडलं, पण नोंद कमी केलेली नाही, त्यामुळे रात्री अजून जाग येते. इथवर मी हसत होतो. मग कुळाचा रकाना आला. मराठवाड्यात हैदराबादच्या १९५०च्या कूळकायद्यानं कुळाला संरक्षण दिलं, संरक्षित कुळाला सहजी हुसकता येत नाही. आप्पांनी असले दावे पाहण्यात उमर घातली. तिथं त्यांनी लिहिलं होतं: ‘संरक्षित कूळ: वडील, मयत. माझा राग तेच कसतात. मालकी माझी, वहिवाट त्यांची.’

“आप्पा, हे कामून लिहिलं?” मी विचारलं.

“रकाना होता,” आप्पा म्हणाले. “रिकामा सोडता येत नाही.”

मी काही म्हणणार तोच आतून काकू आल्या. त्यांचं लक्ष ‘इतर हक्क’ या रकान्यावर गेलं. तिथं नोंद होती: ‘पत्नी: वहिवाटीचा रस्ता.’

“चाळीस वर्सं हे रान मी कसलं,” काकू म्हणाल्या, “आन् मला नुस्ता जाया-यायला रस्ता? भोगवटादारात नाव लावा माझं.”

“तोंडी अर्ज चालत नाही,” आप्पांनी सांगितलं. एरवी नवरा म्हणून त्यांनी माघार घेतली असती, पण आता ते दप्तरावर होते.

काकूंनी दुधाच्या हिशेबाची वही उलटी केली आणि मागच्या पानावर अर्ज लिहिला. सही करण्यापलीकडे त्यांना कधी काही लिहिताना मी पाहिलं नव्हतं. पण चाळीस वर्षं ओसरीवर खातेदारांना चहा देताना त्यांनी कानही उघडे ठेवले होते. अर्ज असा: ‘या इसमावर माझा ताबा लग्नापासून उघड व अखंड आहे. बारा वर्षं कधीच उलटली. हरकत घेणारी सासू होती, तीही शेवटी माझ्याच बाजूनं झाली. इसमाची मशागत, खतपाणी, पथ्य व औषध मी करते. उत्पन्न काय येते ते विचारू नये. तरी नाव लावावे.’

आप्पांनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. एकही खाडाखोड नव्हती. प्राजक्त झालेल्या मुलीला पहिलं बक्षीस देणाऱ्या बाई इथं असत्या तर त्यांनी काय केलं असतं ठाऊक नाही. आप्पांनी फेरफार घेतला आणि नियमाप्रमाणे पंधरा दिवसांची हरकतीची नोटीस फ्रिजवर चिकटवली.

चौदाव्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन. नातवानं व्हिडिओ कॉलवर नोटीस वाचून दाखवली होती. हे सगळं चाललंय काय, आणि आईचं नाव लागत असेल तर वारस म्हणून आमचंही लावा, असं चिरंजीवांचं म्हणणं. आप्पांनी हरकत रीतसर नोंदवून घेतली. त्यामुळे प्रकरण गाव नमुना सहा-अ, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत गेलं आहे. सुनावणी दिवाळीत, पक्षकार सुट्टीला आल्यावर. कार्यशाळेच्या बाईंनी ते पान दोनदा मागितलं, पण न्यायप्रविष्ट कागद बाहेर देता येत नाही, असं त्यांना कळवण्यात आलं.

काकू मात्र थांबलेल्या नाहीत. परवा त्यांनी दुसरा अर्ज दाखल केला: आप्पांच्या लिखाणाच्या टेबलानं देवघराकडे दीड फूट अतिक्रमण केलं आहे, हद्द कायम करून मिळावी. वरच्या कोपऱ्यात दोन रेघा ओढून त्यांनी लिहिलं होतं, ‘मोजणी अतितातडी’.