इंटरकूलरचं तीर्थ

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसानं काय काय करू नये याची एक यादी बायकोच्या डोक्यात कायम तयार असते, आणि जुनी टर्बो गाडी घेणं तीत बरंच वरच्या नंबरावर आहे. मी घेतली. आता तुम्हीच सांगा, पर्थसारख्या गावात राहायचं, ज्याच्या आसपासच्या जंगलांतून २००६ पर्यंत जागतिक रॅली धुरळा उडवत धावायची, आणि निळ्या रंगाची, सोनेरी चाकांची सुबारू इम्प्रेझा एसटीआय विकाऊ दिसली तर मान खाली घालून पुढे जायचं, हे कुणाला जमेल? पेटर सोल्बर्गनं २००३ मध्ये सुबारूतूनच जगज्जेतेपद पटकावलं. मी तीतून कोथिंबीर आणतो.

या गाडीच्या बॉनेटवर एक भलंथोरलं नाकाड आहे आणि त्याच्या बरोबर खाली इंटरकूलर बसवलेला आहे. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. पण दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते, म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं. म्हणून मध्ये हा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा इंटरकूलर. गाडी पळत असली की नाकाडातून वारा येतो आणि तो गार राहतो. सिग्नलला उभी राहिली की वारा बंद, आणि खाली पेटलेलं इंजिन. बिचारा भाजून निघतो. त्यावर जपान्यांचा उपाय असा, की डिकीत चारेक लिटरची टाकी, स्टिअरिंगजवळ एक बटण, आणि बटण दाबलं की इंटरकूलरवर पाण्याचा फवारा. पाण्याची वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर आईला आकृत्या काढून समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माठ." माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी तिनंच भरली होती.

गाडीच्या पुस्तकात स्वच्छ पाणी घाला म्हटलेलं आहे. पण ज्या गाडीसाठी आपण बायकोचा आठवडाभराचा अबोला सोसला तिला नुसतं पाणी पाजायचं, हे मनाला पटेना. तरी सुरुवात नळाच्या पाण्यानं केली. आता पर्थच्या नळाला बोअरचं, धरणाचं आणि समुद्राचं खारेपण काढलेलं असं मिश्र पाणी येतं, आणि आमच्या भागात ते इतकं जड आहे की चहाच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. किटलीत बसतो तो इंटरकूलरवर बसणार नाही, असं मला का वाटलं, ते विचारू नका. पाणी उडून जातं, क्षार उडून जात नाहीत. महिन्याभरात फवाऱ्याची धार झाली आणि एकाच कोपऱ्यात पडायला लागली. नोझल काढून टॉर्चखाली धरलं तर त्या इवल्याशा भोकाच्या तोंडाशी खडीसाखरेच्या कणाएवढा एक पांढरा खडा बसलेला. तो मी बायकोच्या शिवणाच्या सुईनं काढला. इथपर्यंत ठीक होतं. मग मला पत्र्यांवरचा पांढरा थर दिसला आणि मी भांडी घासायचा ब्रश घेऊन तो घासायला बसलो. ते पत्रे कागदासारखे पातळ असतात, बोटानं दाबले तरी वाकतात. दोन पत्र्यांच्या मधून वारा जायचा असतो. मी घासून उठलो तेव्हा तळहाताएवढ्या जागेतून वाराच काय, माझी आशासुद्धा जाऊ शकत नव्हती. पुढचे कित्येक रविवार मी फळं सोलायच्या सुरीच्या टोकानं एकेक पत्रा उभा करत होतो. बायको येऊन बघायची आणि न बोलता जायची.

मग काचेवर मारायचं निळं वायपर लिक्विड घातलं. ते स्वच्छ करतं, मग आतूनही स्वच्छ करेल, हे तर्कशास्त्र. पण त्यात साबण असतो. भर दुपारी सिग्नलला मी ऐटीत बटण दाबलं आणि नाकाडातून फेसाचा एक गोळा हळूच वर आला. शेजारच्या गाडीतल्या पोरानं काच खाली करून विचारलं, गाडी दाढी करतेय का? वर साबणाचा चिकट थर पत्र्यांवर राहिला, त्यावर पर्थची लाल धूळ बसली, आणि सुरी पुन्हा बाहेर निघाली.

तिसरी अक्कल ही माझी स्वतःची. स्पिरिट हाताला लावलं की किती गार लागतं! लगेच उडतं म्हणून. मग तेच घालावं की. वास्तविक मी शाळेत शिकलो होतो की एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते आणि इथेनॉलला त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे स्पिरिट उडतं पटकन, पण नेतं थोडं. शिवाय टर्बो नावाची तापून लाल होणारी वस्तू त्याच बॉनेटखाली बसलेली. तेव्हा हे काही आठवलं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून मेथिलेटेड स्पिरिट आणलं आणि टाकीत पाण्यात मिसळलं.

गणपतीचा दिवस. मंडळाच्या आरतीला निघालो. मागच्या सीटवर, मुक्कामाला आलेल्या आईच्या मांडीवर उकडीच्या मोदकांचा डबा. हमरस्त्यावर गाड्यांची रांग लागली, काटा वर सरकला असा मला भास झाला, मी बटण दाबलं. गाडीत येणारी ताजी हवा काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागच्या कडेला आत शिरते, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. सगळी गाडी दारूच्या गुत्त्यासारखी घमघमली. आईनं डब्यावर पदर घेतला. आणि रांग कशाची होती? पोलीस सगळ्या गाड्या थांबवून श्वास तपासत होते.

काच खाली केली. पोलीस वाकला, थबकला, आणि अत्यंत सभ्यपणे यंत्र माझ्या तोंडाशी धरलं. मी फुंकलं. शून्य. त्यानं यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फुंकायला लावलं. शून्य. मग त्याची नजर मागच्या सीटवर, नऊवारीतल्या आईकडे गेली. मी घाईघाईनं इंटरकूलर, फवारा, वाफ, सगळं सांगायला लागलो, डिकी उघडून टाकी दाखवली. त्यानं टोपण उघडून वास घेतला आणि विचारलं, "यात साधं पाणी का घालत नाही?"

आई मराठीत म्हणाली, "मी तेच म्हणते."

त्या रात्री टाकी रिकामी केली. तर तळाशी हिरवट, बुळबुळीत शेवाळ. आधीच्या उन्हाळ्यात डिकीच्या उबेत पाणी महिनोन्महिने पडून होतं, आणि पंपाच्या जाळीवर त्याचे धागे चिकटले होते. स्पिरिटनं तेवढं एक काम केलं होतं, ते मेलेलं होतं. टाकी उपसली, जाळी धुतली, नळी फुंकून मोकळी केली.

आता मी डिमिनरलाइज्ड पाणी घालतो. क्षार नाहीत, साबण नाही, वास नाही. फवारा धुक्यासारखा पडतो. अडचण एकच, ते सुपरमार्केटात इस्त्रीसाठी म्हणून मिळतं आणि बायको ते इस्त्रीलाच वापरते, त्यामुळे कॅनवर मी मार्करनं 'गाडी' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली 'आणि साड्या' असं लिहिलेलं होतं.

तेव्हा तुमच्या गाडीला असा फवारा असेल तर एवढं ऐका. डिमिनरलाइज्ड पाणी घाला, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, पत्र्यांना ब्रश लावू नका. आणि पाण्यात आणखी काहीतरी घालायची फारच उबळ आली, तर निदान गाडीत मोदक आणि आई दोन्ही ठेवू नका.